खाज्याची अडीचशे माणसं

सालईपाड्याच्या खाज्या पावराला माणसं मोजायची सवय लागली, त्याला आता नऊ-दहा वर्षं झाली. होळीच्या आधी भोंगऱ्याचा बाजार भरतो, तेव्हा पाड्यातलं झाडून सगळं माणूस घरी असतं. ऊसतोडीला गेलेले परतलेले असतात, सुरतेला गेलेली पोरं चकचकीत शर्ट घालून आलेली असतात. त्या आठवड्यात खाज्या गळ्यात सुक्या भोपळ्याचा तुंबा अडकवून दारोदार फिरतो. माणशी मक्याचा एक दाणा तुंब्यात. पोटातलं मूल धरत नाही, पाळण्यातलं धरतो. कुणी मेलं की त्याच्या नावाचा दाणा काढून कोंबडीला टाकतो.

मी एकदा त्याला म्हटलं, "खाज्याभाऊ, मेलेल्याचा दाणा कोंबडीला घालतोस, बरं दिसतं का?"

"मंग काय फेकी देऊ, अक्का? मका शे ती."

खाज्याला लिहिता येत नाही. मला चौथीपर्यंतचं येतं, तेवढ्यावर हे लिहिते आहे. मी खालच्या गावात अंगणवाडीची मदतनीस होते, एकतीस वर्षं. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, आणि बाईंना बरं नसलं की बाईंचंही काम करायचं. पोलिओचा डोस पाजायला नर्सबाईंबरोबर पाड्यावर चढायचं कामही माझंच, कारण तिकडच्या बायकांशी त्यांच्या बोलीत दोन शब्द बोलणारी मी एकटी. त्यामुळे खाज्याचे केस काळे होते तेव्हापासून मी त्याला ओळखते.

पाडा धुळे जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, सातपुड्याच्या पहिल्याच घडीत आहे. आमच्या गावापासून सात किलोमीटर. मध्ये दोन नाले, आणि दुसरा नाला पावसाळ्यात कुणाचं ऐकत नाही. पावसाच्या भरवशावर मका आणि तूर, उन्हाळ्यात महूची फुलं, चारोळी आणि विडीसाठी टेमरूची पानं, दिवाळीनंतर कोयता घेऊन गुजरात, असं तिथलं वर्ष. खाज्या पाड्याचा कारभारी. म्हणजे भांडण मिटवायला आणि लग्नाची बोलणी करायला त्याला पुढे बसवतात. उंच, वाळका, एका कानात बाळी, आणि बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघायची खोड. पायांवरून माणूस किती चालून आला ते कळतं म्हणे.

पाड्याच्या मागच्या टेकडीवर नेवाड आहे, म्हणजे जंगल साफ करून काढलेली शेतं. आज्या-पणज्यापासून कसतात, पण हातात कागद नाही. खाज्या लहान असताना तिथे एकदा एक वहीवाला आला. गोड बोलला, पाणी मागून प्यायला, घरं किती, माणसं किती ते सगळं लिहून घेऊन गेला. पंधरा दिवसांनी जंगलखात्याची दहा-बारा माणसं आली आणि वहीत होती तेवढी घरं पाडून गेली. एक घर वहीत लिहायचं राहून गेलं होतं, ते तेवढं उभं राहिलं. पाडा त्या दिवशी जे शिकला ते कुठल्या मास्तराला शिकवता आलं नसतं. वही घेऊन कुणी आला की माणसं कमी सांगायची.

दोन हजार अकराची जनगणना आली ती माघात. आमच्या शाळेचे ज्ञानेश्वर गुरुजी मोजायला निघाले. भला माणूस. नवीन बूट चावत होते तरी वर चढला. भाषेला मदत म्हणून मला बरोबर घेतलं. पाडा अर्धा ओस होता. तोडीला गेलेल्या घरांच्या दारांना काट्याच्या फांद्या लावलेल्या. गुरुजी बिचारे प्रत्येक काटेरी दारासमोर उभे राहून विचारायचे, कोण राहतं, किती जण, कधी येतील. खालची सोळा घरं झाली. मग त्यांनी टेकडीकडे बोट केलं. नेवाडावर सतरा घरं होती.

"ती वरची घरं?"

खाज्याने त्यांच्या बुटांकडे बघितलं. "त्या कोठा शेतस, गुरुजी. ढोरं बांधतस तठे."

"धूर दिसतोय."

"ढोरासले डास चावतस. धुरी करतस."

आदल्याच महिन्यात त्या गुरांच्या कोठ्यांमध्ये मी सव्वीस पोरांना डोस पाजले होते. खाज्याने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या चपलेचा अंगठा बघत बसले. गुरुजींनी तीनदा विचारलं, मला वेगळं बाजूला घेऊन एकदा विचारलं. मी म्हटलं, "खाज्याभाऊ म्हणतात तसंच असेल." मग त्यांनी बिनदुधाचा चहा घेतला आणि वही मिटली. एकशे एक्कावन्न माणसं लिहिली. तेवढीच जवळजवळ, एकशे पंचेचाळीस, आम्ही दोघांनी मिळून एका दुपारी गिळली.

खरं सांगते, उतरताना मला आनंद झाला होता. खाज्याने हातावर पुरचुंडीभर चारोळी ठेवली होती. ती खिरीत घालून मी आठवडाभर पुरवून खाल्ली.

दोन वर्षांनी पाड्याने रस्ता मागितला. खाज्या तालुक्याच्या हापिसात गेला, मलाही बरोबर नेलं. तिथल्या साहेबाने एक यादी काढली, बोट खाली खाली नेलं. "सालईपाडा. लोकसंख्या एकशे एक्कावन्न. या रस्त्याला अडीचशे लागतात."

"आमी तीनशे शेतस, साहेब."

"मग मोजणी झाली तेव्हा कुठे होता?"

"घरीच व्हतो," खाज्या म्हणाला. खोटं कुठे बोलला?

त्याला वाटलं, साहेबाला पटत नाही. पुढच्या सोमवारी तो दोन टेम्पो भरून माणसं घेऊन तालुक्याला गेला आणि हापिसाच्या आवारात त्यांना ओळीने उभं केलं. म्हातारी, पोरं, कडेवरची बाळं. उन्हाचे दिवस. साहेब बाहेर आला, बघितलं, वाईट वाटलं त्याला. शिपायाला पाणी द्यायला सांगितलं. "आबा, इथे मोजून उपयोग नाही. आता पुढच्या जनगणनेला."

पण एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. तो आकडा म्हणजे घरात शिरलेली वाळवी, जिथे हात लावावा तिथे भुसा. पाड्यावर छोटी अंगणवाडी द्यायची बोलणी चालली होती, ती मागे पडली. ग्रामपंचायतीला माणशी पैसा येतो, पाड्याच्या नावाचा आला तो अर्ध्याच माणसांचा आला, आणि तोही खालीच उतरून राहिला. त्यात आमच्या गावात शिरताना एक कमान झाली आणि गटारावर फरशा बसल्या. मीही त्या फरशांवरूनच चालते. पाड्याचा स्वतंत्र वॉर्ड होईल अशी हवा होती, तोही आकड्यात बसला नाही. पाडा खालच्या गल्लीला जोडून टाकला. खाज्या एकदा उभा राहिला निवडणुकीला. पाड्याने एकगठ्ठा मतं दिली, खालच्या गल्लीने एकगठ्ठा त्यांच्या माणसाला दिली, आणि खालची गल्ली मोठी. निवडून आलेला मेंबर पाच वर्षांत एकदा पाड्यावर चढला. त्याचा बैल हरवला होता.

खाज्याचा मुलगा जगदीश. त्याची बायको ज्योत्स्ना, बारीक चणीची, हसायला लागली की थांबायची नाही. एकदा डोस पाजायला गेले तेव्हा तिने मलाच विचारलं, "मावशी, तुम्हाला कुणी पाजला होता का?" आणि अर्धा तास हसत बसली. दोन हजार सोळाच्या श्रावणात तिचे दिवस भरले. सकाळी कळा सुरू झाल्या. चार जणांनी बांबूला गोधडीची झोळी बांधली आणि तिला घेऊन निघाले. पहिला नाला ओलांडला. दुसऱ्याला पाणी होतं. निरोप घेऊन पोरगा आधीच पोचला होता, म्हणून आम्ही या काठाला उभ्या, नर्सबाई, मी आणि गाडी. ते त्या काठाला. मध्ये असेल तीस-चाळीस पावलांचं पाणी. नर्सबाई ओरडून सांगत होत्या, असं करा, तसं करा. पाण्याच्या आवाजात अर्धं ऐकू जात नव्हतं. तीन तासांनी पाणी उतरलं. मूल जिवंत होतं. ज्योत्स्ना नव्हती.

खाज्या नाल्याच्या दगडावर बसला होता. मी जवळ गेले. तो माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "गुरुजीले मीच सांगं व्हतं, कोठा शेतस म्हनीसन."

मी म्हटलं, "मीही तिथेच होते, भाऊ."

यावर आम्ही दोघं पुढे कितीतरी वर्षं बोललो नाही. पुढच्या होळीला तो तुंबा घेऊन निघाला.

त्याचा हिशेब साधा होता. दोन हजार एकवीसला मोजणी येणार, तेव्हा नेवाडावरच्या घरांसकट सगळं खरं लिहून द्यायचं. त्यासाठी तो घरोघर बसला. नेवाडावरची माणसं तयार होईनात. त्यांनी विचारलं, घरं पाडली तर? खाज्या म्हणाला, "पहिले मनं घर पाडा म्हनीसन सांगस त्यासले." असं करत करत एकेक घर वळवलं. आणि मोजणी आलीच नाही. आधी करोना होता. मग करोना गेला, तरी नाही. दर वर्षी पौषात खाज्या खाली उतरायचा, माझ्या ओट्यावर बसायचा.

"अक्का, मोजनारा कवय येतीन?"

"मला काय विचारतोस? मी काय दिल्लीत भांडी घासते?"

हसायचा. चहा घ्यायचा. परत चढायचा. सत्तरीच्या पुढचा माणूस.

तेवढ्या वर्षांत पाडा मात्र थांबला नाही. ज्योत्स्ना गेली तसा जगदीश सुरतेला गेला, बांधकामावर. लेक ऋतिका आजोबाकडे ठेवली. त्याच्या मागे आणखी घरं गेली. आधी बापे जायचे, मग बायका-पोरांसकट जायला लागले. होळीला येतात, दारावरचे काटे काढतात, आठ दिवस राहतात, काटे लावून परत. आणि जी राहिली त्यांनी पोरं आश्रमशाळेच्या वसतिगृहात घातली, कारण पाड्यावर शाळा चौथीपर्यंतच. खाज्या मात्र गेलेल्यांचा दाणा काढायचा नाही. म्हणायचा, मेलेत का ते?

यंदा उन्हाळ्यात मोजणी आली. पहिल्यांदा घरांची यादी, घरात किती जण राहतात ते, आणि माणसांची नावानिशी मोजणी फाल्गुनाच्या आसपास. सविता मॅडम आल्या होत्या, मूळच्या पाचोऱ्याच्या, तिशीच्या आतल्या. हातात वही नाही, मोबाइल. मला म्हणाल्या, "आजी, चला ना. मला तिकडची भाषा येत नाही." माझे गुडघे नको म्हणत होते. गेले.

खाज्याने पाडा झाडून ठेवला होता. पोरांच्या केसांना तेल. सुट्टी होती, त्यामुळे आश्रमशाळेतली पोरंही घरीच. त्याने मॅडमना थेट टेकडीवर नेलं. "पहिले वरनं लिखा." नेवाडावरची घरं त्याने स्वतः एकेक करून दाखवली, घरमालकाला पुढे करून. माझ्याकडे बघितलं नाही, पण मला दाखवायलाच चाललं होतं ते.

तिसऱ्या घरात अडलं.

"हा मुलगा कितवीत आहे?"

"सातवी. आश्रमशाळेमा."

"मग आबा, हा इथे धरता येणार नाही."

"हाऊ उभा शे ना समोर."

"उभा आहे. पण वर्षाचे दहा महिने तो वसतिगृहात राहतो. त्याला तिथे धरतात."

"आनि हाई पोर?"

"ती पण तिकडेच."

खाज्याने पोराचा दंड धरून त्याला मॅडमच्या पुढ्यात उभं केलं. "हात लावी देखा, मॅडम. भूत शे का हाऊ?"

पोरं खिदळली. मॅडमही हसल्या. मग त्यांचं लक्ष खाज्याच्या तोंडाकडे गेलं आणि त्या हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "आबा, मी नियम केलेला नाही हो."

बंद घरं नऊ होती. "होळीले येतस," खाज्या म्हणाला. मॅडम म्हणाल्या, होळीला आठ दिवस येणारी माणसं पाहुणी. ती जिथे राहतात तिथे मोजली जातील.

संध्याकाळपर्यंत सगळं झालं. खाज्याच्या तुंब्यात तीनशे सत्तावीस दाणे होते. मॅडमच्या मोबाइलात दोनशे छत्तीस माणसं. एकोणचाळीस पोरं वसतिगृहाची गेली, बावन्न माणसं बंद घरांची गेली. पंधरा वर्षांपूर्वी आमच्याकडे अडीचशेपेक्षा शेचाळीस जास्त होते, तेव्हा आम्ही खोटं बोललो. आता खरं बोललो, तर खरंच चौदा कमी.

मॅडमना वाईट वाटलं असावं. त्या उठताना म्हणाल्या, "आबा, हे शेवटचं नाही. फाल्गुनातली मोजणी पक्की. तोवर आकडा बदलू शकतो." चांगल्या मनाने बोलल्या. पण त्या एका वाक्याने घात केला.

दुसऱ्या दिवशी खाज्या खाली आला. पाड्यावर फोन लागत नाही, म्हणून माझ्या फोनवरून जगदीशला लावला. मी स्पीकर चालू केला.

"तठे मोजनारा येल व्हतात का?"

"आले होते, आबा. साइटच्या गेटवर. वॉचमनने सांगितलं, ही गावाकडची माणसं, तिकडे लिहिली असतील."

इथे ती नाहीत म्हणून इथे लिहिली नाहीत, तिथे ती इथली म्हणून तिथे नाहीत. माणूस उभा जिवंत, आणि दोन्हीकडे काटे लावलेलं दार.

"जगदीश, तू फाल्गुनमा ये. दोन महिने ऱ्हाय. बठ्ठासले लई ये." सगळ्यांना घेऊन ये, असं.

तिकडे मशीनचा आवाज येत होता. मग जगदीश म्हणाला, "आबा, रस्ता नाही म्हणून तर निघालो. रस्ता झाला की येतो."

फोन बंद झाला तरी खाज्याने तो कानाशी धरून ठेवला होता. मी हातातून काढून घेतला.

नंतरचे दहा-बारा दिवस तो आला नाही. मला वाटलं, पेरणीची तयारी असेल. मग बाजारात पाड्याची मोगराबाई भेटली. माझ्याच वयाची, तोंडाची फटकळ. तिचा नातू बादल आश्रमशाळेत नववीत. मी विचारलं, "बादलची पेटी भरली का? शाळा उघडेल आता."

"यंदा नही जात तो. खाज्याने चौदा पोरं थांबवीसन ठेल शेतस. फाल्गुनपर्यंत घर ऱ्हातीन, मंग इथली मोजतीन."

"आणि शाळा?"

"एक वरीसना सवाल शे," ती म्हणाली. तिचा नवराही त्याच वाटेवर झोळीत गेलेला. तिला मी काय सांगणार?

गुडघ्यांना तेल लावून मी वर चढले. खाज्या अंगणात दोर वळत बसला होता. ऋतिका बाजूला शेळीच्या पिलाला भाकर चारत होती. तिने यंदा चौथी पार केली. वर्गात पहिली आली, म्हणजे सात पोरांत पहिली, पण पहिली. तिचं पाचवीचं नाव आश्रमशाळेत घातलेलं होतं.

"हिलाही ठेवणार का?"

"ती त दोनशे छत्तीसमा धरेल शे. ती गयी त पंधरा लागतीन."

"खाज्याभाऊ, ही पोर शे की दाणा?"

तो दोर वळत राहिला. मी म्हटलं, "एक वर्ष म्हणजे तुला काय वाटतं? नववीतला बादल एक वर्ष शेळ्यांमागे गेला की परत वर्गात बसेल? मुलींची लग्नं लावाल तुम्ही तेवढ्यात. मी बघितलंय एकतीस वर्षं."

"मंग मी काय करू?" तो एकदम ओरडला. पिलू दचकून पळालं. "तुले काय वाटस, माले गोड लागस? ज्योत्स्नाले झोळीमा देखं ना तू? तो नाला देखं ना? अजून कितल्या जातीन? सांग ना, कितल्या?"

"मला नाही माहीत."

"तुले काहीच माहीत नही ऱ्हास. गुरुजीले बी तू हाईच सांगं."

हे त्याने पंधरा वर्षं पोटात ठेवलेलं. लागलं मला. पण चुकीचं नव्हतं. मी पाणीसुद्धा न पिता उठले. ऋतिका वाटेपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "आजी, आश्रमशाळेत गादी असते का?" मी म्हटलं असते. पातळ असते, पण असते.

शाळा उघडायच्या दिवशी आमच्या गावातून सकाळी साडेआठची बस सुटते. मी सातलाच स्टँडवर जाऊन बसले होते. कशासाठी ते मलाही नीट सांगता येणार नाही. आठ वाजता वरच्या वाटेने पोरांची रांग दिसली. सगळ्यांच्या पुढे खाज्या, डोक्यावर पत्र्याची पेटी. मागे ऋतिका. मी पोरं मोजली. वाईट सवय, त्याच्याकडून लागली. न थांबवलेली पंचवीस होतीच. थांबवलेल्या चौदांतली फक्त तीन.

"बाकीची?"

खाज्याने पेटी खाली ठेवली. "काल बठ्ठासना घर गऊ. सांगं, धाडा पोऱ्यासले, मनं चुकनं. आयकत नही." मग त्याने मोगराबाई काय म्हणाली ते सांगितलं. ती म्हणाली, काल सांगितलंस थांबवा, आज सांगतोस धाडा, आम्ही काय तुझी ढोरं? आणि एक जण म्हणाला, आपली नात शाळेत घालतो, आमची पोरं मोजणीला ठेवतो. पाड्यात आजवर त्याला असं कुणी बोललं नव्हतं. कारभारी होता तो.

बस आली. ऋतिका खिडकीत बसली. रडली वगैरे नाही, पेटीवर कुणी पाय ठेवतंय का ते बघत होती. बस गेली.

आम्ही दोघं स्टँडच्या कट्ट्यावर बसलो. मला चौथीपर्यंतचं गणित येतं. दोनशे छत्तीस आणि अकरा, दोनशे सत्तेचाळीस. त्यातून ऋतिका गेली, दोनशे शेचाळीस. अकरा पोरांचं वर्ष जाणार, तरी चार कमी. मी बोलले नाही. पण त्यानेही बोटांच्या पेरांवर तेच केलं असावं, कारण तो म्हणाला, "चार ऱ्हायनात."

मग जरा वेळाने, "मोगराबाईनी सुनिताले सातवा चालू शे. शेजारना घर बी एक शे. दोन त व्हतीन."

सुनिता म्हणजे मोगराबाईची धाकटी सून. मी विचारलं, "कधी भरतात दिवस?"

तो सांगायला गेला आणि थांबला. श्रावण त्याच्या तोंडातून निघेना. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. आम्ही दोघं नाल्याच्या बाजूला बघत नव्हतो, एवढं मला आठवतं.

"दोघींना आधी खाली आण," मी म्हटलं. "आखाडातच आण. माझ्या घरी राहतील. नर्सबाई हाकेवर आहेत, गाडी दारात येते. मी आहे, माझी सून आहे."

खाज्या माझ्या पायांकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "तुना घर बाळंत व्हतीन, मंग त्यासले तठेच मोजतीन का?"

हसावं की त्याच्या डोक्यात धपाटा घालावा, मला कळेना. म्हातारा, वाळलेला, आजच नातीला दूर धाडून बसलेला.

"दीड महिन्यात परत जातील रे," मी म्हटलं. "फाल्गुनाला वरच असतील. बाळांसकट."

त्याने पेरांवर एकदा मोजून बघितलं.

"मंग चालस," म्हणाला, आणि उठून वरच्या वाटेला लागला.